कमाई आणि आधार एकत्र नांदू द्या

माझ्या मुलाला नोकरी लागावी म्हणून मी धडपडते, आणि ती लागली की मला धास्ती वाटते. स्वमग्न मूल वाढवून मोठं केलेल्या अनेक घरांत ही धडपड आणि ही धास्ती शेजारीशेजारी राहतात. नातेवाइकांना त्यात विसंगती दिसते. आमच्यापुरता तो सरळ हिशेब आहे, आणि तो आपल्या नियमांनीच आम्हाला करायला लावला आहे.

मुलगा अठ्ठावीस वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान लहानपणीच झालं. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लेखा विभागात होते. नोकरीची शेवटची वर्षं माझ्या टेबलावर पेन्शनच्याच फायली असायच्या. दुसऱ्यांच्या दिव्यांग मुलांची प्रकरणं मी तपासली आहेत आणि आता स्वतःच्या मुलाची फाइल घेऊन टेबलाच्या अलीकडे बसते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. आपल्या योजना माणसांचे दोनच प्रकार ओळखतात: कमावणारा आणि कमावू न शकणारा. कितीतरी स्वमग्न प्रौढ या दोहोंच्या मधे असतात. योग्य जागी, योग्य पद्धतीनं ते चोख काम करतात, जागा बिघडली की घरी येतात, पुन्हा उभे राहायला त्यांना वेळ लागतो. या मधल्या माणसासाठी आपल्याकडे रकानाच नाही.

आधी कामाचं सांगते. मुलगा एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. आलेल्या मालाचा बॅच नंबर आणि एक्सपायरी बिलाशी ताडून पाहायची, मुदत संपत आलेला माल वेगळ्या मांडणीवर लावायचा, कंपनीला परत करायच्या मालाची यादी करायची, असं काम. गोळ्यांच्या पाकिटाच्या कडेला बॅच नंबर इतका पुसट उमटलेला असतो की तीन आहे की आठ, यात चांगल्या नजरेची माणसं फसतात. तो फसत नसे. शंका आली तर पाकीट बाजूला ठेवून खात्री होईपर्यंत पुढे जात नसे. औषधाच्या धंद्यात या सवयीचं मोल काय असतं, ते त्या शेठना पहिल्या महिन्यातच कळलं.

शेठनी त्याच्यासाठी काय केलं, तेही सांगायला हवं. पुढच्या काउंटरवर फोन आणि पोरांचा गलका, म्हणून त्याला मागच्या खोलीत टेबल दिलं. दिवसाचं काम सकाळी जुन्या चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर क्रमानं लिहून द्यायचे. सूचना एकाच माणसानं द्यायची, असा दुकानात दंडक होता. दुपारी एक वाजता तो एकटा डबा खायचा आणि त्या वेळात कुणी त्याच्याशी गप्पा मारायला जायचं नाही. कामात बदल असेल तर आदल्या संध्याकाळी सांगायचे. या सगळ्याला दुकानाचा एक रुपयाही लागला नाही.

मग गोदाम मोठ्या जागेत हललं आणि कारभार नव्या व्यवस्थापकाकडे गेला. मुलाचं टेबल हॉलच्या मधोमध आलं. वर पत्रा, बाजूला ट्रॉल्यांचा खडखडाट. चिठ्ठी बंद झाली, सूचना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर यायला लागल्या, त्याही एका वेळी तिघांच्या. काही आठवड्यांत तो कान दाबून बसू लागला, मग रडू लागला, आणि ‘याला हे जमणार नाही’ असा निरोप घरी आला. माणूस तोच होता, कामही तेच होतं. बदललेल्या जागेचा दोष त्याच्या नावावर लागला.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्याआधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. नव्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत तो आहे. माणसाच्या गरजेप्रमाणे कामाच्या जागेत आणि पद्धतीत वाजवी बदल करून देण्याची तरतूदही आहे. कामाच्या ठिकाणी समान संधीचं धोरण असलं पाहिजे, असंही कायदा म्हणतो. पण खासगी क्षेत्रात या धोरणाचा सविस्तर तपशील वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांनाच द्यावा लागतो. आमच्या मुलांना काम कुठे मिळतं? ओळखीच्या दुकानात, छापखान्यात, एखाद्या बेकरीत, जिथे सहा-सात माणसं असतात. तिथे सगळं मालकाच्या चांगुलपणावर. मालक बदलला की चांगुलपणा गेला, आणि त्याबरोबर नोकरीही.

त्यानंतर मुलगा बऱ्याच मुलाखतींना गेला. एका ठिकाणी त्याला विचारलं, “कामाचं प्रेशर आलं तर हँडल कराल का?” तो म्हणाला, “नाही.” मुलाखत तिथेच संपली. ते काम नोंदवहीतले आकडे संगणकावरच्या आकड्यांशी जुळवण्याचं होतं. नोंदवहीचं एक पान त्याच्यापुढे ठेवलं असतं तर पंधरा मिनिटांत निकाल लागला असता. पण आपल्या मुलाखती डोळ्याला डोळा भिडवून बोलता येतं का, न विचारलेल्या प्रश्नाचा अर्थ ओळखता येतो का, स्वतःबद्दल थोडं वाढवून सांगता येतं का, हे पाहतात. स्वमग्न माणसाला नेमकं हेच अवघड जातं. त्यामुळे काम येतं की नाही, हे पाहायची वेळच येत नाही.

सरकारी नोकरीचं दार कागदावर उघडं आहे. दिव्यांगांसाठी चार टक्के राखीव जागा आहेत. त्यांतला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून. केंद्रानं जानेवारी २०२१ मध्ये दिव्यांगांसाठी योग्य ठरवलेल्या ३,५६६ पदांची यादी जाहीर केली. या एक टक्क्यातून ऑटिझम असलेले किती उमेदवार प्रत्यक्ष रुजू झाले, हा आकडा दरवर्षी प्रकारवार जाहीर झाला पाहिजे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, पण ऑटिझमचा वेगळा रकाना नव्हता. जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी जागा भरल्या की नाही, हे विचारणार कोण?

आता आधाराचं. अठराव्या वर्षापर्यंत यंत्रणा थोडीफार सोबत असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शाळा, थेरपी, समुपदेशक, सगळं बालपणाला धरून उभं आहे. अठरावा वाढदिवस उलटला की पालकांच्या हातात उरतं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र.

हे प्रमाणपत्र कसं मिळतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. ऑटिझम मोजायला आपल्याकडे आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी आहे. तिच्यात चाळीस मुद्दे आहेत. नजर देतो का, तेच तेच शब्द बोलतो का, बदल झाला की चिडतो का, स्वतःला इजा करतो का. प्रत्येक मुद्द्यावर एक ते पाच गुण, जास्त गुण म्हणजे जास्त तीव्रता. या गुणांवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात आणि चाळीस टक्के भरले तर योजनांचं दार उघडतं. सरकारी रुग्णालयात तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या दिवशी आई-बाप रांगेत बसलेले असतात आणि आपापल्या मुलाचा सगळ्यात वाईट दिवस मनात घोळवत असतात. कधी ओरडला, कधी डोकं आपटलं, कधी रस्त्यात बसून राहिला. तो दिवस नीट सांगता आला नाही तर टक्के कमी पडतील, ही भीती असते. त्याच आठवड्यात नोकरीसाठी कुणाकडे शब्द टाकायचा असेल तर त्याच मुलाचा सगळ्यात चांगला दिवस सांगायचा. मुलगा शेजारी उभा राहून दोन्ही ऐकत असतो. त्याला खोटं कळत नाही आणि सांगतही येत नाही. आपली आई आपल्याबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी का सांगते, हे त्याला कोणत्या शब्दांत समजावायचं?

मी ज्या नियमांत आयुष्य घालवलं, तिथे ही ओढाताण आणखी स्पष्ट दिसते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. फार मोलाची तरतूद आहे ही, आणि ती केल्याबद्दल मी सरकारची ऋणी आहे. अट अशी की दिव्यांगत्वामुळे त्याला स्वतःची उपजीविका करता येत नसली पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये उत्पन्नाची मर्यादा सैल केली गेली. पूर्वी ती ९,००० रुपये आणि त्यावरची महागाई सवलत एवढीच होती. आता कर्मचाऱ्याच्या शेवटच्या मूळ वेतनाच्या तीस टक्के, अधिक महागाई सवलत, यापेक्षा कमी उत्पन्न असेल तर पेन्शन चालू राहते. समजा शेवटचं वेतन ६०,००० होतं, तर मर्यादा १८,००० अधिक महागाई सवलत. त्याखाली कमावलं तर पूर्ण पेन्शन, ती रेषा गाठली की काहीच नाही. मधे पायरी नाही, थेट कडा आहे.

पालक या कड्याजवळ मुलाला जाऊच देत नाहीत. मी टेबलावर असताना किती जणांनी मला हळू आवाजात विचारलं असेल, “मॅडम, तो थोडंफार काम करतो, त्याची नोंद कुठे झाली तर पुढे अडचण येईल का?” मर्यादा मी समजावून सांगायचे. तरी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरची काळजी जात नसे, कारण त्याचा खरा प्रश्न आकड्याचा नसतोच. आज कमावतो असं लिहून दिलं आणि आम्ही गेल्यावर नोकरी सुटली, तर ‘हा तर कमावू शकतो, मग याला पेन्शन कशाला?’ असं कुणी म्हणेल, ही ती काळजी. म्हणून मुलं घरी बसतात किंवा हाती रोख घेऊन, कुठल्याही नोंदीशिवाय काम करतात. नोंद नाही म्हणजे भविष्य निर्वाह निधी नाही, ईएसआय नाही, नोकरी गेली तर दाद मागायला जागा नाही.

सरकारी पेन्शनीचं छत्र असलेली आमची घरं तरी बरी. भोर तालुक्यातल्या एक बाई आमच्या पालक गटात येतात. शेतमजुरी करतात, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, मुलगा चोवीस वर्षांचा आहे. त्याला संजय गांधी निराधार अनुदान मिळतं. राज्यानं २०२५ मध्ये दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते दीड हजारावरून अडीच हजार केलं, हे चांगलंच झालं. पण दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला ५०,००० रुपये. बाईंचं वर्षाचं उत्पन्न चाळीस हजारांच्या घरात. मुलाला तालुक्याच्या गावी पाकिटं भरायचं काम महिना तीन हजारांवर मिळत होतं. वर्षाचे झाले ३६,०००. कुटुंबाचं उत्पन्न गेलं ७६,००० वर आणि अनुदान बाद. म्हणजे ३६,००० आले आणि ३०,००० गेले. वर्षभर राबून हाती जास्तीचे सहा हजार, महिन्याला पाचशे. आणि काम सुटलं तर पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तलाठी, पुन्हा तहसील. बाईंनी मुलाला पाठवलं नाही. त्यांचा निर्णय मला शंभर टक्के पटतो. चूक त्यांना हा निर्णय घ्यायला लावणाऱ्या नियमाची आहे.

कुणी म्हणेल, आधार हा कमावू न शकणाऱ्यांसाठीच असतो, कमावणाऱ्याला तो कशाला? उत्तर असं की स्वमग्न माणसाचा वाढीव खर्च नोकरी लागल्यानं संपत नाही. गर्दीची बस सहन होत नाही म्हणून रिक्षा लागते. सोबतीला माणूस लागतो. थेरपी चालू ठेवावी लागते. ब्रिटनमध्ये दिव्यांगत्वामुळे होणाऱ्या जादा खर्चासाठीचा एक भत्ता माणूस नोकरीत असो वा नसो, त्याच्या उत्पन्नाकडे न पाहता दिला जातो. तिथल्या मूल्यमापनावर तक्रारी आहेत, आणि भत्ता असूनही तिथले स्वमग्न लोक नोकरीत कमीच आहेत. २०२४ साली तिथल्या सरकारच्या पाहणी अहवालानं दहांपैकी सुमारे तिघेच कामावर असल्याचं म्हटलं. म्हणजे पैशाचा आधार आणि कामाच्या जागेतला बदल, दोन्ही लागतात. पण दिव्यांगत्वाचा खर्च वेगळा आणि पोटापाण्याची कमाई वेगळी, हे तत्त्व बरोबर आहे आणि आपल्याला ते घेता येईल.

दुसरा आक्षेप गैरफायद्याचा. खोटी प्रमाणपत्रं काढून सवलती लाटल्याची प्रकरणं महाराष्ट्रानं पाहिली आहेत आणि त्यांचा राग सगळ्यात जास्त आम्हालाच येतो. तपासणी कडक करा, जरूर करा. ती प्रमाणपत्र देताना करा. ऑटिझम जन्मभराचा असतो, तो पगाराच्या पहिल्या तारखेला बरा होत नाही. त्यामुळे कमाई सुरू झाली हा प्रमाणपत्र खोटं असल्याचा पुरावा धरू नका.

सगळ्या स्वमग्न प्रौढांनी नोकरी केली पाहिजे, असंही माझं म्हणणं नाही. आमच्या गटात अशी मुलं आहेत ज्यांना आयुष्यभर चोवीस तास माणूस लागेल. त्यांना केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतून मिळतात महिना ३०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखाली असतील आणि दिव्यांगत्व ऐंशी टक्क्यांवर असेल तर. २०१२ पासून केंद्राचा हा हिस्सा तसाच आहे. त्यात वाढ करणं ही तर पहिली गोष्ट. जो काम करू शकत नाही त्याचा आधार भरघोस हवा आणि जो करू शकतो त्याचा आधार कामामुळे तुटता कामा नये.

करायचं काय, ते सांगते. संजय गांधी योजनेत कुटुंबाचं उत्पन्न मोजताना दिव्यांग व्यक्तीची स्वतःची मजुरी, निदान किमान वेतनापर्यंत, धरूच नये. कुटुंब निवृत्तिवेतनात मर्यादेपलीकडच्या कमाईतल्या दर दोन रुपयांमागे एक रुपया कापावा, एका झटक्यात सगळं बंद करू नये. नोकरी सुटली तर पुढच्याच महिन्यापासून आधार आपोआप पूर्ववत होईल, नवी तपासणी नाही, अशी हमी नियमात शब्दांत लिहावी. प्रमाणपत्रावर टक्क्यांच्या जोडीला त्या माणसाला कोणती मदत लागते, हे लिहावं: शांत जागा, लेखी सूचना, सोबत. मग तेच पत्र मालकालाही उपयोगी पडेल आणि आई-बापाला दोन भाषा बोलाव्या लागणार नाहीत. राखीव जागांसाठी मुलाखतीऐवजी कामाचा नमुना घ्यावा. आणि वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानदारानं स्वमग्न माणूस ठेवला, तर पहिले सहा महिने त्याला काम शिकवायला येणाऱ्या माणसाचा पगार राज्यानं द्यावा. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. एखाद्या जिल्ह्यात हे करून बघायला या विभागाला कुणाची आडकाठी असण्याचं कारण नाही.

मुलगा सध्या घरी आहे. विचारलं की म्हणतो, “मला बॅच जुळवायच्या आहेत.” पेन्शन, मर्यादा, पालकत्व यांबद्दल तो बोलत नाही. त्याला काम हवं आहे आणि ते त्याला येतं.

आमच्या पश्चात त्याची पालक म्हणून माझी मुलगी सही करेल. नियमाप्रमाणे वर्षातून एकदा तिला लिहून द्यावं लागेल की भाऊ अजून स्वतःची उपजीविका करू लागलेला नाही. भावाचं भलं इच्छिणाऱ्या बहिणीला, तो कमवत नाही हे दरवर्षी सिद्ध करायला लावणारा नियम बदला. ‘तो कमावतो आणि त्याला आधारही लागतो’ या वाक्याखाली तिला उघडपणे सही करता आली पाहिजे. ते वाक्य खरं आहे, आणि सरकारी कागदावर खरं लिहिल्याची शिक्षा कुणालाही होता कामा नये.